स्थपति आणि सूत्रग्राही : इमारतीचें रूप व बळ यांविषयीं कांहीं टिपणें

कुलाबा किल्ल्याविषयीं ज्यांनीं ज्यांनीं लिहिलें आहे त्यांनीं एक गोष्ट बहुधा सांगितलेली असते. ती ही कीं, या जलदुर्गाच्या तटाचे मोठमोठे चिरे चुन्यावांचून, कोरडेच, एकावर एक बसविलेले आहेत. गोष्ट खरी आहे. ओहोटीच्या वेळीं अलिबागच्या पुळणीवरून पायीं चालत जाऊन ती कोणासही पाहतां येते. आमचें राहणें नागांवास, म्हणजे तेथून दक्षिणेस सुमारें तीन कोसांवर. शाळेंत संस्कृत शिकवीत असतांना वर्षाकाठीं एकदां तरी आम्ही मुलांना घेऊन तेथें जात असूं. अशाच एका वेळीं आम्ही समजावून सांगत होतों कीं, चुना नसल्यामुळें लाटेचें पाणी सांध्यांतून आंत शिरतें व तसेंच परत वाहून जातें, त्यामुळें तटाच्या पाठीशीं पाण्याचा दाब सांचून राहत नाहीं व चिरे उखडत नाहींत. तेव्हां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, चुना घालूं नये हें ठरविलें कोणीं?"

आम्ही म्हणालों, "महाराजांनीं."

उत्तर दिलें खरें, परंतु घरीं येईपर्यंत तें आम्हांसच पोंचट वाटूं लागलें. या किल्ल्याच्या कामास १९ मार्च १६८० रोजीं आरंभ झाला. ३ एप्रिल रोजीं शिवछत्रपति रायगडावर कैलासवासी झाले. काम पुढें संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत, जून १६८१ मध्यें, पुरें झालें. आरंभ आणि छत्रपतींचें निधन यांत अवघे पंधरा दिवस. या बेटावर किल्ला असावा हें ठरविणें राजाचें काम, व तें त्यांनीं केलें. दरवाजा कोणत्या अंगास असावा, बुरूज किती व कसे असावे, हें ठरविणाराचें ज्ञान वेगळें. आणि भरतीच्या लाटेखालीं कोणता चिरा टिकेल, कोणता सांधा उघडा ठेवावा, हें जाणणाराचें ज्ञान आणखी वेगळें. या तिघांपैकीं पहिल्याचें नांव आपणांस ठाऊक आहे. उरलेल्या दोघांनीं एकमेकांशीं काय बोलणें केलें असेल हें त्या मुलाच्या प्रश्नाचें खरें मर्म होतें, आणि तेव्हांपासून तें आमच्या मनांत घर करून राहिलें.

इमारतीचें रूप योजणारा आणि तिचें बळ जोखणारा, हल्लींच्या भाषेंत आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनियर, यांनीं एकमेकांशीं कसें वागावें याविषयीं आज पुष्कळ बोललें जातें. जणूं हा प्रश्न सिमेंटाच्या पिंपाबरोबरच विलायतेहून आला! वस्तुतः तो आपल्या पोथ्यांत आहे, दप्तरांत आहे, आणि पाहणाऱ्यास दगडांतही आहे. शिवाय या प्रश्नाकडे आम्ही केवळ कुतूहलानें वळलों असेंही नाहीं. या बाबतींत आमच्याच हातून एक चूक घडली. ती योग्य स्थळीं सांगूं.

प्रथम पोथ्यांचें पाहूं. मयमत हा ग्रंथ गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेंत १९१९ सालीं छापिला. त्याच्या पांचव्या अध्यायांत शिल्पी चार प्रकारचे सांगितले आहेत: स्थपति, सूत्रग्राही, वर्धकि आणि तक्षक. स्थपति हा शास्त्र जाणून समग्र काम योजणारा. सूत्रग्राही हा त्याचा पुत्र किंवा शिष्य. सूत व दंड हातीं धरून मान ठरविणारा. तक्षक दगड व लांकूड तासतो. वर्धकि तासलेले अवयव जोडून काम वाढवीत नेतो. या चौघांवांचून कोणतेंही काम होत नाहीं, म्हणून चौघांचाही सन्मान करावा, असा ग्रंथकाराचा आदेश आहे. मानसारांत तर या चौघांचें कुळ ब्रह्मदेवाच्या चार मुखांपर्यंत नेऊन भिडविलें आहे. विश्वकर्म्याचा पुत्र स्थपति, मयाचा सूत्रग्राही, त्वष्ट्याचा वर्धकि आणि मनूचा तक्षक. कथा पुराणाची म्हणून सोडून दिली तरी तिच्यांतील व्यवहार सोडून देण्यासारखा नाहीं. अधिकार स्थपतीचा, हें ग्रंथ स्पष्ट सांगतात. परंतु नातें भाऊबंदकीचें आहे, धनी-चाकराचें नव्हे.

भोजदेवाच्या समरांगणसूत्रधारांत (हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत १९२४-२५ सालीं निघाला) स्थपतीचीं लक्षणें सांगतांना चार गोष्टी मागितल्या आहेत: शास्त्र, कर्म, प्रज्ञा व शील. नुसतें शास्त्र जाणणारा परंतु कामांत न मुरलेला मनुष्य प्रत्यक्ष क्रियेच्या वेळीं, रणभूमि पाहून भेदरलेल्या भित्र्याप्रमाणें गोंधळून जातो. आणि नुसतें कर्म जाणणारा परंतु शास्त्रार्थ न कळलेला मनुष्य आंधळ्याप्रमाणें दुसऱ्याच्या हातानें वाट चालतो, अशा अर्थाचे तेथील श्लोक आहेत. हे श्लोक आम्हीं वर्गांत पुष्कळ वेळां शिकविले. त्यांतील पहिला आम्हांसच लागू पडेल असें त्या वेळीं वाटलें नव्हतें.

भोजाची अपेक्षा अशी कीं, शास्त्र व कर्म दोन्ही एकाच मनुष्यांत असावीं. हा आदर्श झाला. तीं एकांत न सांपडलीं तर काय करावें, याचें उत्तर अर्थशास्त्रांत अधिक व्यवहारी आहे. सैन्याच्या छावणीची जागा मापावयाची असतां नायक, वर्धकि व मौहूर्तिक या तिघांनीं मिळून ती मापावी, असें कौटिल्य म्हणतो. नायकास युद्धाची निकड माहीत, वर्धकीस बांधणीची, मौहूर्तिकास वेळेची. त्या काळीं मौहूर्तिकाचें जें वजन होतें तें आतां सरकारी परवानगी देणाराकडे गेलें आहे, एवढाच फरक! परंतु लक्षांत घेण्याजोगा भाग असा कीं, तिघे एकाच जागीं, एकाच वेळीं आहेत. नायकानें छावणी आखून मग ती तपासण्यास वर्धकीकडे पाठविली, असें तेथें नाहीं.

येथें एक इशारा देणें आम्ही कर्तव्य समजतों. आजचा स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणजेच प्राचीन सूत्रग्राही, असें समीकरण मांडण्याचा मोह पुष्कळांस होतो. तें बरोबर नाहीं. शिल्पग्रंथांत खांबाच्या उंचीच्या अमुक भागाइतकी त्याची जाडी, अशीं प्रमाणें आहेत. त्यांत पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव सांठविलेला आहे. परंतु भार किती, तो कोणत्या वाटेनें जमिनींत उतरतो, याचें गणित त्यांत मांडलेलें नाहीं. रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे हे स्वतः इंजिनियर असून त्यांनीं या ग्रंथांचा कसून अभ्यास केला व १९२४ सालीं 'प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार' प्रसिद्ध केलें. या वाटेनें आमच्या आधीं गेलेले ते पुरुष. संस्कृतज्ञ इंजिनियर ही व्यक्ति दुर्मिळ. आमच्यासारखे नुसते संस्कृतज्ञ पुष्कळ.

शास्त्रांत जें गणित नाहीं तें आपल्याकडे कारागिरांच्या मापांत दडलेलें होतें. 'खण' हा शब्द पाहा. जुन्या खरेदीखतांत, वांटणीपत्रांत घर किती खणांचें तें लिहिलेलें असतें. दोन तुळयांमधील अंतर तो खण. तें अंतर घरधन्याच्या लहरीवर नसे. वर जें कडीपाट यावयाचें त्याच्या कडीस किती लांब झेंप पेलेल त्यावर तें असे. म्हणजे सुताराचें बळाचें माप तेंच मालकाचें जागेचें माप, तेंच दस्तऐवजांतील किंमतीचें माप. माजघर तीन खणांचें पाहिजे असें धन्यानें म्हटलें कीं सुतारास त्यांत न टिकणारें असें कांहीं सांगितलेलें नसेच. रूप योजणारा व बळ जोखणारा यांना एकच भाषा बोलावी लागे. आज एकाचा नकाशा मिलिमीटरांत व दुसऱ्याचें गणित किलोन्यूटनांत. मधला खण गेला.

आतां मराठेशाहीच्या कागदांकडे वळूं. १६७१-७२ सालचा किल्ल्यांच्या इमारतींचा एक जाबता प्रसिद्ध आहे. एकंदर नेमणूक १,७५,००० होनांची, त्यांतील ५०,००० एकट्या रायगडास. इमारतीसाठीं पैसा आधीं मुक्रर करून ठेवण्याची ती शिस्त पाहिली म्हणजे आदर वाटतो. परंतु त्यांत आहे तें द्रव्य, विचार नाहीं. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाशीं शके १५९६ चा संस्कृत शिलालेख आहे. वापी, कूप, तडाग, प्रासाद निर्माण करणाराचें हिरोजी हें नांव त्यांत आहे. आणि पायरीच्या दगडावर त्याच हिरोजीनें सेवेस तत्पर म्हणून आपलें नांव निराळें कोरविलें आहे. आडनांव कोणी इंदुलकर वाचतात, कोणी इटळकर. तो वाद येथें नको. आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, राजाच्या प्रशस्तींत इमारत करणाराचें नांव येण्याचें असें उदाहरण आपल्याकडे क्वचित् आढळतें. आमच्याच परिसरांत पाहा. आक्षीचा शिलालेख, ज्याच्या शकाविषयीं अजून एकमत नाहीं, आणि नागांवचा हंबीररावाच्या वेळचा शके १२८९ चा, ज्यांत हिजरी सनही दिला आहे. या दोन लेखांसाठीं किती तरी विद्वान् या नारळीपोफळींच्या आगरांत येऊन गेले. राजा, अधिकारी, दान, व्यवहार हें सर्व दगडावर आहे. दगड घडविणाराकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. चितोडच्या कीर्तिस्तंभांत सूत्रधार जैता व त्याचे पुत्र यांचीं नांवें खुद्द इमारतींत कोरलेलीं आहेत, हें पाहिलें म्हणजे आपल्या प्रांताची उणीव अधिकच डोळ्यांत भरते.

पद्मदुर्गाचें उदाहरण या बाबतींत फार बोलकें आहे. राजपुरीच्या सिद्दीच्या समोर कांसा बेटावर हा दुर्ग शिवछत्रपतींनीं उभारला. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास लिहिलेलें १६७५ च्या जानेवारींतील पत्र इतिहासप्रेमी वाचकांस पाठ असेल. दौलतखान व दर्यासारंग यांजकडे नेमून दिलेली रसद पोंचविली नाहीं म्हणून महाराजांनीं त्यास जे कडक शब्द लिहिले ते कोणाच्याही ध्यानांत राहतील असेच आहेत. किल्ला उभा राहतो तो स्थपति व पाथरवट या दोघांवरच नव्हे; ऐन वेळीं दाणा व पैसा न देणारा तिसरा मनुष्य दोघांचेंही शहाणपण फुकट घालवूं शकतो, एवढें त्या पत्रावरून शिकावें.

परंतु आम्हांस सांगावयाचें तें त्याच्या तटाविषयीं. पद्मदुर्गाचा तट चुन्यांत बांधलेला आहे. समुद्राच्या खाऱ्या माऱ्यानें तेथील दगड झिजून कित्येक इंच आंत गेला आहे, आणि दोन दगडांमधील चुना मात्र मधाच्या पोळ्याच्या कडांप्रमाणें जसाचा तसा पुढें आलेला दिसतो. तेव्हां कुलाब्यास चुना नको हें शहाणपण, आणि पद्मदुर्गास चुना हवा हेंही शहाणपण! दोन्ही दुर्ग एकाच किनाऱ्यावर, पुरत्या दहा वर्षांचेंही अंतर नाहीं, दोन्ही एकाच राज्याचे. जर वरून एकच हुकूम सुटला असता तर दोन्ही तट एकाच पद्धतीचे झाले असते. तसें झालें नाहीं, यावरून आमचें अनुमान असें कीं, सांधा कसा करावयाचा हें त्या त्या बेटावर, तेथला दगड हातांत घेऊन, भरती कोठवर येते तें पाहून ठरलें. अनुमान म्हणूनच तें मांडतों. कुलाब्याचे चिरे आकारानें एवढे मोठे आहेत कीं त्यांचें स्वतःचें वजनच त्यांस जागीं धरतें. असे चिरे न मिळतील तेथें चुन्यावांचून गति नाहीं. आणि जेथें चुना वापरला तेथें तो घाणीत किती फिरविला, किती दिवस मुरविला, हें त्या घाणीवाल्याचें ज्ञान. दगडापेक्षां त्याचें काम अधिक टिकलें.

कुलाब्याच्या तटाची परीक्षा पुढें अनेक वेळां झाली. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कान्होजी आंगऱ्यांवर केलेली मोहीम फसली. १७८७ च्या आगींत आंतील आंगऱ्यांचा वाडा गेला. इंग्रजी अंमल बसल्यावर १८४२ सालीं आंतील लांकडी इमारतींचा लिलांव झाला व घडीव दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामीं लागला. आज आंत सिद्धिविनायकाचें देऊळ, गोड्या पाण्याची पुष्करणी व थोडे अवशेष उरले आहेत. तट मात्र उभा आहे. २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत शेजारच्या खांदेरीचें नांव आहे, कुलाब्याचें नाहीं. याचें वाईट वाटणारे अलिबागेंत पुष्कळ आहेत. आम्हांस त्यापेक्षां भीति वाटते ती निराळी. असल्या कोरड्या सांध्यांत कोणा उत्साही मनुष्यानें सिमेंट भरलें तर तीनशें वर्षांवर पाण्यास मोकळी असलेली वाट बंद होईल. दिसावयास तें नीटनेटकें दिसेल. एवढ्यासाठीं तरी तो सांधा कोणीं कां उघडा ठेवला याचा विचार इतिहासकारांनींही केला पाहिजे. तो केवळ इंजिनियरांचा विषय नव्हे.

इंग्रजी अमदानींत रूप आणि बळ यांची पुरती फारकत झाली, आणि ती कधीं कधीं समुद्राएवढी रुंद होती. मुंबईच्या विद्यापीठाचा राजाबाई मनोरा हा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याच्या नकाशावरून झाला. १८६९ त आरंभ, १८७८ त समाप्ति, उंची २८० फूट, आणि द्रव्य प्रेमचंद रायचंद यांचें. स्कॉटनें हिंदुस्थानांत पाऊल टाकिलें नाहीं. कागद लंडनहून येत; दगड कुर्ल्याचा व पोरबंदरचा; ऊन, पाऊस व पाया मुंबईचा. कागदावर नसलेल्या प्रत्येक गोष्टीचें उत्तर येथील इंजिनियरांनींच दिलें असलें पाहिजे. त्यांच्यापैकीं रावबहादूर मुकुंद रामचंद्र या असिस्टंट इंजिनियरानें मनोऱ्यावरील पश्चिम हिंदुस्थानच्या निरनिराळ्या जातींच्या लोकांच्या मूर्ति घडविल्या. गंमत अशी कीं, बळ पाहण्यासाठीं नेमलेल्या मनुष्यानें रूप घातलें तें मनोऱ्यावर आज सर्वांत आपलेंसें वाटतें.

याच स्कॉटचें लंडनांतील सेंट पँक्रस स्टेशनचें हॉटेल प्रसिद्ध आहे. त्याच्या पाठीशीं गाड्यांवरील जें प्रचंड लोखंडी छप्पर आहे तें विल्यम बार्लो या इंजिनियराचें, १८६८ चें. जवळजवळ २४० फुटांची एकच कमान, मध्यें खांब नाहीं. पुढें विटांचा राजवाडा, मागें लोखंडाचें आकाश. दोन्ही उत्तम, पण दोघांची ओळख नसल्यासारखीं. बार्लोस त्या छपराच्या कामीं साह्य करणारा रोलंड ऑर्डिश यानेंच मुंबईच्या वॉटसन हॉटेलाचा लोखंडी सांगाडा योजला. तो विलायतेंत ओतून, तुकड्यातुकड्यांनीं जहाजांतून आणून येथें जोडण्यांत आला. तेथें इंजिनियरच स्थपति झाला.

सहकार्याचें चांगलें उदाहरण पाहावयाचें तर बोरीबंदरचें स्टेशन. १८७८ त काम सुरू झालें, १८८८ त संपलें. योजना फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याची. हा स्वतः सरकारी बांधकाम खात्यांत इंजिनियराचें काम केलेला होता, म्हणजे भोजदेवास हवी असलेली शास्त्र-कर्माची जोडी थोडीबहुत त्याच्यांतच होती. तरीही सीताराम खंडेराव वैद्य हे असिस्टंट इंजिनियर व जनार्दन नांवाचे एक सुपरवायझर त्याच्या हाताखालीं दहा वर्षें होते. मधला अष्टकोनी घुमट खालून लांकडी सांगाड्याचा आधार न देतां, एकमेकांत खांचून बसविलेल्या फासळ्यांनीं चढविला, ही गोष्ट त्या वेळीं नवलाची समजली गेली. फासळीचा आकार घुमटाचें सौंदर्यही आहे व त्याचें बळही आहे. कागद एका खोलींत आणि गणित दुसऱ्या खोलींत झालें असतें तर ही युक्ति निघाली नसती, असें आम्हांस वाटतें. २००४ सालीं या इमारतीस जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हां स्टीव्हन्सचें नांव सर्वत्र छापून आलें. सीताराम खंडेराव यांच्याविषयीं आपल्या एखाद्या संग्राहकाच्या कपाटांत चार पत्रें असतील काय? वैद्यांच्या वंशजांकडे मोजमापाची एखादी वही असेल काय? आपण सनदा, महजर, बखरी जपतों व हिशेबाचीं बाडें रद्दींत घालतों. पाथरवटाची मजुरी, चुन्याच्या घाणीचा खर्च, मोडलेल्या तुळईच्या बदलीची नोंद हीं असल्याच बाडांत असतात.

आतां आमच्या चुकीविषयीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ या किनाऱ्यास लागलें. नागांव, चौल, रेवदंडा येथील आगरांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. घरांचीं कौलें पानांसारखीं उडालीं. आमच्या आळीच्या टोकास एक लहान देऊळ आहे, त्याच्या सभामंडपाचें छप्पर गेलें व आंतील कांहीं खांब मोडले. वर्गणी जमली. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनें एक तरुण आर्किटेक्ट मोबदल्यावांचून नकाशा देण्यास तयार झाले. लोकांची इच्छा अशी कीं, आळींतून जातां येतां देवाचें दर्शन व्हावें. सबब मधले दोन खांब गाळून मंडप मोकळा करावा. खांबांचीं व तुळईचीं मापें शास्त्राप्रमाणें असावीं असें ठरून तें काम आमच्याकडे आलें. आम्हीं छापील ग्रंथ काढून प्रमाणें उतरून दिलीं. देतांना अभिमान वाटला हें कबूल केलें पाहिजे. तीं प्रमाणें दगडी खांबांचीं व आंखूड अंतरांचीं होतीं; आम्हीं तीं सागाच्या लांब तुळईस लाविलीं.

परवानगीसाठीं इंजिनियराची सही लागते म्हणून एका इंजिनियरांस अगदीं शेवटीं गांठलें. त्यांनीं अर्ध्या कागदावर दोनच गोष्टी लिहून पाठविल्या. मधले खांब गाळूं नयेत, ही एक. दुसरी अशी कीं, तुम्ही सर्व छप्पर खालीं पडेल कसें याचा विचार करीत आहां. पण वादळांत तें पडलें नाहीं, वर उडालें. त्यास खालीं बांधून ठेवणार कसें? हा कागद आर्किटेक्टांकडे पोंचविण्याचें काम आमचें. तरुण मनुष्याचें मन मोडूं नये म्हणून आम्हीं तो जसाच्या तसा न देतां गोड करून सांगितला, "इंजिनियर म्हणतात, खिळे थोडे अधिक मारावे, खांबांचाही विचार व्हावा." त्यांनीं खिळे वाढविले.

पुढल्याच पावसाळ्यांत तुळई वांकली. दगड मोडतो तो एकदम मोडतो. लांकूड दमट हवेंत महिनोन्महिने भाराखालीं वांकत राहतें, हें आमच्या पोथींत नव्हतें. गाभाऱ्याच्या दाराशेजारच्या जुन्या भिंतीस तडा गेला व दार लागेनासें झालें. आमच्या गांवच्या म्हाताऱ्या सुतारानें कोणास न विचारतां नारळाच्या खोडाचा टेकू आणून तुळईखालीं दिला. कोठें दिला? गाळलेल्या खांबाचा तळखडा फरसबंदींत तसाच होता, बरोबर त्यावर. "मास्तर, त्यो दगड कोणीतरी इथं इचार करूनच बसवला हाय," एवढेंच तो म्हणाला.

दिवाळीनंतर एके सकाळीं आर्किटेक्ट, इंजिनियर व तो सुतार असे तिघे देवळाच्या जोत्यावर प्रथमच एकत्र बसले. आम्ही चहा आणण्याखेरीज कांहीं केलें नाहीं व बोललोंही नाहीं. इंजिनियरांनीं आधीं विचारलें, तुम्हांला या मंडपांत कोणत्याही परिस्थितींत राखावयाचें तें काय? आर्किटेक्ट म्हणाले, आळींतून होणारें दर्शन. मग त्यांनीं उलट विचारलें, तुम्हांला हलवितां येणार नाहीं असें काय? खांब, इंजिनियर म्हणाले, आणि छपराची खालपर्यंतची बांधणी. तेव्हां सुतार म्हणाला कीं, दर्शन खांबांनीं अडतच नाहीं, पुढच्या कठड्यानें अडतें. कठडा हातभर खालीं घ्या. सर्व उठून आळींत गेले, वांकून पाहिलें, आणि तें खरें निघालें. दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारांत जें कोणास सुचलें नव्हतें तें तासाभरांत झालें. खांब पुन्हां आपल्या तळखड्यांवर उभे राहिले. वाशापासून पाटास, पाटापासून खांबास व खांबापासून जोत्याच्या दगडास लोखंडी पट्ट्या बांधल्या. त्या दिसूं नयेत म्हणून सुतारानें लांकडांत खांचा घेतल्या व आर्किटेक्टांनीं त्यांवर बसेल अशी नक्षीची पट्टी काढून दिली.

इंजिनियरांचा तो मूळचा अर्धा कागद आम्हीं आर्किटेक्टांस त्याच दिवशीं वाचावयास दिला. त्यांनीं तो दोनदां वाचला आणि आम्हांकडे पाहून हंसले. रागावले असते तर बरें वाटलें असतें. आतां तो कागद, दोन्ही नकाशे, सुताराच्या मजुरीचा हिशेब व वर्गणीची यादी हीं आमच्या घरच्या पोथ्यांच्या रुमालांतच बांधून ठेविलीं आहेत. सुताराचें नांव हिशेबांत आहे. नकाशावर नव्हतें, तें आम्हीं आपल्या हातानें लिहिलें.